वाफ संपली की नाही

शिरूर तालुक्यातल्या उसात बिबट्या फिरतो हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. भागुबाई त्याला भीत नाही. एकदा मंगल कार्यालयामागच्या फडात तो समोर आला, तेव्हा तिनं हातातला खराटा जमिनीवर आपटला, "हाड!" म्हणून ओरडली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. पण शेजारच्या सायलीच्या घरात कुकरची शिट्टी झाली की याच बाईच्या हातातलं ताट खाली पडतं. तिच्या स्वतःच्या घरात कुकर नाही. डाळ पातेल्यात शिजते आणि त्या पातेल्यावर ती झाकणसुद्धा ठेवत नाही.

कारण थोडक्यात सांगता येतं, ऐकायला मात्र मन घट्ट करावं लागतं. तिचा नवरा हौशीराम दौंडजवळच्या एका लहानशा दूध डेअरीत कामाला होता. ती डेअरी आता नाही. तिथं कॅन धुवायला वाफेची टाकी असायची. एका सकाळी वाफेचा आवाज थांबला. "संपली वाफ," असं म्हणत हौशीरामनं पाणी भरायला टाकीचं झाकण फिरवलं. भागुबाई त्याचा डबा घेऊन दारातच उभी होती. त्यानंतर अकरा दिवस तो दवाखान्यात होता. बाराव्या दिवसापासून ती एकटी झाली, माहेरी शिरूरला आली आणि एकोणीस वर्षं भीमेच्या पलीकडं तिनं पाऊल टाकलं नाही.

ही सगळी वर्षं ती बबनरावांच्या मंगल कार्यालयाची फरशी धुते. पांढऱ्या टाइल्सची फरशी! लग्नाच्या कार्यालयाला पांढरी फरशी घालणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी फडकं हातात धरलेलं नसणार. हळदीच्या दिवशी हळद सांडते, तेल सांडतं, वऱ्हाडी त्यावरून नाचतात आणि सगळं टाइलच्या सांध्यात जाऊन बसतं. मग भागुबाई उकिडवी बसून सांध्यासांध्यात अ‍ॅसिड ओतायची आणि घासायची. दोन वर्षं झाली, खोकला तिला सोडत नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं, "अजून वर्षभर हे अ‍ॅसिड हुंगलंत, तर मग माझ्याकडं येऊन काही उपयोग नाही."

बबनराव तसे वाईट नाहीत. घाईचे आहेत, एवढंच. डॉक्टरांचं ऐकून ते म्हणाले, "वाफेचं मशीन घेऊ. अ‍ॅसिडची कटकटच न्हाई. चालवायचं तुला, तवा निवडायचं पण तूच. उद्या दौंडला जाऊ."

वाफ आणि दौंड, दोन्ही एका दमात. पण नाही म्हणावं तर काम कंत्राटदाराच्या माणसांकडं जाणार, आणि अ‍ॅसिड धरून बसावं तर छाती जाणार. "व्हय आप्पा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी इनामगावच्या फाट्यावरून पुढं गेली तशी तिच्या तळहातांना घाम सुटला. भीमेच्या पुलावर तिनं डोळे मिटून घेतले. बबनराव फोनवर मंडपवाल्याला झापत होते, त्यांना काही कळलं नाही. उतरताना ती गाडीचं दार धरून उभीच राहिली तेव्हा ते म्हणाले, "गाडी लागली व्हय?" ती म्हणाली, "व्हय."

मशीनचं दुकान राहिलचं होतं. तिशी ओलांडलेला, बोलायला गोड माणूस. "या मावशी, बसा," म्हणत त्यानं खुर्ची पुसून दिली. मग एक हातात धरायचं छोटं मशीन आणि एक स्टीलच्या टाकीचं मोठं मशीन पुढं ओढलं आणि दुकानाच्या स्वच्छ फरशीवर वाफ मारून दाखवायला लागला. फूस्स आवाज झाला तशी भागुबाई खुर्चीसकट मागं सरकली. पाठ भिंतीला टेकली तेव्हाच थांबली.

पण एकोणीस वर्षं फरशी घासलेला हात होता तो. भीतीतही तिला दिसलंच, की हा बाबा स्वच्छ फरशी स्वच्छ करून दाखवतोय. तिनं कनवटीची पुडी सोडली. घरून तेलात कालवून आणलेली हळद राहिलच्या टाइलच्या सांध्यात अंगठ्यानं दाबून भरली.

"मावशी, हे काय करताय?"

"लग्न लागलं असं समज. आता काढ."

छोट्या मशीननं हळद नुसती पसरली. मोठ्यानं मात्र सांधा असा लख्ख केला की बबनराव उठून उभेच राहिले. "हेच! बांधा हेच!"

भागुबाईलाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं, कारण अ‍ॅसिडचा थेंब न घालता निघालेली हळद ती पहिल्यांदाच बघत होती. तेवढ्यात मशीनवर लाल दिवा लागला. पाणी कमी झालं होतं. राहिलनं बटण बंद केलं. आवाज थांबला. तांब्या घेऊन तो वाकला आणि त्यानं झाकणावर हात ठेवला.

भागुबाई खुर्चीवरून कधी उठली हे तिलाही कळलं नाही. तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून मागं खेचलं. तांब्या फरशीवर घरंगळत गेला.

"अवो मावशी, बंद झालंय. आवाज थांबला, म्हंजी वाफ संपली."

तेच शब्द. तिला दुकान दिसेना, डेअरीचं दार दिसायला लागलं. तिनं मनगट सोडलं नाही. "थांब," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांब."

बबनराव ओशाळले. राहिल हसला, पण थांबला. पाच मिनिटं गेली. मग तिला मागं उभं करून, झाकणावर जाड फडकं टाकून, हात लांब धरून त्यानं ते जेमतेम हलवलं. वाफेचा लोट फडक्यातून वर उसळला आणि थेट छतावरच्या पंख्यापर्यंत गेला. राहिलनं हात झटकला आणि मागं सरला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"दिवसातनं चार वेळा दाखवतो मी हे मशीन," तो म्हणाला. मग आत जाऊन त्यानं तिसरं मशीन आणलं. आत वाफ असेपर्यंत याचं झाकण नुसतं गरगर फिरतं, उघडत नाही. टाकी मात्र लहान. दोन-तीनदा भरावी लागणार, दर वेळी थंड व्हायची वाट बघावी लागणार. म्हणूनच गिऱ्हाईक ते घेत नाही.

"इतका वेळ कोण थांबणार?" बबनराव म्हणाले. "सकाळी एक वऱ्हाड जातंय, दुपारी दुसरं येतंय. मोठंच बांधा."

एकोणीस वर्षांत भागुबाई बबनरावांना उलट बोलली नव्हती.

"मी थांबीन, आप्पा. मोठं घ्याल तर मी हात लावणार न्हाई. दुसऱ्या कुणाला लावू पण देणार न्हाई."

बबनरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग पंख्याकडं पाहिलं. पंख्याच्या पात्यावरून अजून पाणी टपकत होतं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

चार दिवसांनी पहिल्या लग्नाची हळद निघाली. भागुबाई दर फूस्स आवाजाला दचकत होती, पुन्हा नळी पुढं धरत होती. निम्मा हॉल झाला आणि लाल दिवा लागला. तिनं बटण बंद केलं. हॉल गप्प झाला. ही शांतता तिला ओळखीची होती, आणि तिचीच भीती तिला सगळ्यात जास्त होती.

ती मशीनजवळ बसली. खरं तर थांबायचं होतं. पण राहिलचं म्हणणं खरं का हे तिला बघायचंच होतं; तिनं हाताला फडकं गुंडाळलं, तोंड बाजूला केलं आणि ते झाकण फिरवलं. झाकण गरगर फिरलं. उघडलं नाही. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरवलं. उघडलं नाही.

दारातून बबनराव ओरडले, "भागुबाई, उरक की! आवाज तर थांबलाय!"

"वाफ हाय अजून आत," ती म्हणाली, आणि झाकणावरचा हात तसाच ठेवून हुंदके द्यायला लागली.