मागच्या सीटचा मिस्त्री

"तू पुढं बघून चालव. बोलू नको. मी मागं नाहीच असं समज."

गिऱ्हाईक हसलं. मिस्त्री हसला नाही. मागच्या सीटवर मधोमध, पाठ न टेकता, दोन्ही हात मांड्यांवर टाकून तो बसला होता. गाडी गतिरोधकावरून उडाली तशी म्हणाला, "पुढचा डावा शॉकअप गेलाय. उजवा ठीक आहे. अन् टायरांत एवढी हवा कुणी कोंबली? म्हशीचं पोट फुगल्यागत झालंय."

गाडी जोखायची ती मागं बसून, हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलेलं. स्टिअरिंग धरणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, त्याचं अंग आधीच सावध होतं. मागच्याला दणका बसल्यावरच कळतं. पस्तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या मागच्या सिटा अशा झिजवल्या. दणके देणाऱ्या छोट्या गाड्या मऊ करून द्यायच्या, हा त्याचा हातखंडा. म्हणून सगळे त्याला गादी मिस्त्री म्हणायचे. माणूस मात्र काटेरी. गिऱ्हाइकाला बस म्हणायचा नाही आणि चूक असली की तोंडावर फेकायचा.

घरात गाडी आली ती पोराची. पोरगा कचेरीत नोकरीला. गाडी छोटीच, पण त्यानं तिला मोठाली चाकं घातली. टायर इतके पातळ, की चाकाला काळी दोरी गुंडाळल्यासारखे दिसायचे. वर स्प्रिंगांत रबरी ठोकळे घालून गाडी उंच करून घेतली. ते ठोकळे मिस्त्रीनंच घातले. "उड्या मारेल ही," एवढं बोलला आणि घातले. आपल्याला कुठं बसायचंय तिच्यात, असं त्याला वाटलं.

पुढं सहा महिन्यांनी बायको जिन्यावरून घसरली. कमरेचा मणका दबला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणायचं, चार महिने. खंड पडला तर पाय कायमचे जड होतील.

पहिल्या दिवशी पोरगा चालवायला, मिस्त्री त्याच्या शेजारी, बायको मागं आडवी. दवाखाना येईपर्यंत तिच्या तोंडून हूं की चूं नाही. उतरवताना मिस्त्रीनं बघितलं तर दातांनी ओठ फोडून घेतलेला.

त्याच रविवारी त्यानं गाडी जॅकवर घेतली. माळ्यावर पडलेली कंपनीची लहान चाकं काढली, त्यांना उंच, जाड टायर चढवले. ठोकळे उपसून भंगारात टाकले. शॉकअप मऊ बघून नवे बसवले. हवा छत्तीस होती ती अठ्ठावीसवर आणली. शेजारच्या पंक्चरवाल्याला चालवायला बसवून स्वतः मागं बसला. चार फेऱ्यांत चार वेळा शिव्या दिल्या, उतरून काहीतरी बदललं. पाचव्या फेरीला तोंड उघडलं नाही, तेव्हा पंक्चरवाल्यानं ओळखलं, जमलं.

बायको महिनाभर व्यायामाला गेली. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत यायला लागली.

पोरगा मात्र धुमसत होता. "बाबा, कचेरीत विचारतात, आजोबांची गाडी आणलीस का."

"विचारू दे की. तुझे आजोबा बैलगाडीत आयुष्यभर हाडं खिळखिळी करून गेले. ते असते तर हिच्यातून उतरले नसते."

"तुम्हाला थट्टा सुचते. नटलेल्या बाईच्या पायात गमबूट घातल्यागत दिसते ती."

"मागं बस एकदा. तुझी चाकं, तुझे ठोकळे लावून देतो. मी चालवतो. आईच्या जागेवर बसून चौकापर्यंत जाऊन येऊ, मग बोल."

"मी कशाला मागं बसू? माझी गाडी आहे."

पोरानं घरात बोलणं टाकलं. आईला न्यायचा, आणायचा, पण वाटेत शब्द नाही. ताट अर्धं ठेवून उठायचा. घर मिस्त्रीच्या दुकानाच्या पाठीमागंच. नवव्या दिवशी बायको भिंतीच्या आधारानं दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्याची चाकं चढवून द्या."

"डोकं फिरलं का तुझं?"

"पोरगं जेवत नाही. व्यायाम मी घरी करीन."

"घरी होत नाही ते. यंत्रं तिथं आहेत. भाड्याची गाडी बघू का?"

"त्याची गाडी दारात असताना? उद्या घर सोडून जाईल तो. मग काय करू मी पाय घेऊन?"

मिस्त्रीनं त्या पातळ टायरांकडं बघितलं. त्यांत हवा कमी केली तर पहिल्याच खड्ड्यात चाकाची कड वाकणार. तिथं कसलीच हिकमत चालत नव्हती.

त्यानं चाकं चढवली. भंगारातून ठोकळे शोधून तेही घातले. नट समोरासमोरचे, ओळीनं, नीट आवळले; वाईट काम त्याच्या हाताला येतच नव्हतं. संध्याकाळी पोरगा गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि पोटभर जेवला. आई त्याला वाढत राहिली.

त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. आता वर्ष झालं. खाटेपासून मोरीपर्यंत दोघांनी धरून न्यावं लागतं. त्यातला एक मिस्त्री असतो. दुसरी शेजारीण, कारण पोरगा त्या वेळी कचेरीत असतो.

परवा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही नाही म्हणायचं होतंत."

"चाकं मीच चढवली. हात कुणी धरला नव्हता माझा."

"पण वहिनीच म्हणाल्या ना?"

"ती म्हणेल. पाना कुणाकडं होता?"

मिस्त्रीनं तेलकट पोतं जमिनीवर अंथरलं, उभ्या असलेल्या व्हॅनच्या खाली पाठीवर सरकला आणि गंजलेल्या बोल्टावर हातोडा घालायला लागला.