कौसाबाईंच्या बांधावरच्या चार ओळी

घरी सांगितलं, औंढ्याच्या नागनाथाला जाऊन येतो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. झालं असं, की एम.एस्सी. करणाऱ्या पुतणीनं जेवताना विचारलं, "काका, नैसर्गिक निवडीचं आपल्या भागातलं उदाहरण सांगा ना." मी ताडकन म्हणालो, "कपाशीवरची गुलाबी बोंडअळी!" ती खूश झाली आणि मी ताटातली भाकरी कुस्करत बसलो. मी पूर्वी एका बियाणे कंपनीचा प्रतिनिधी होतो, हिंगोली जिल्हा माझ्याकडे होता. त्या उदाहरणाला माझाही हातभार लागलेला आहे.

अकोल्याहून सकाळी सहाला मोटारसायकल काढली. वाशिमपर्यंत काही त्रास नाही, पुढे मात्र सोयाबीनच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळायची तयारी ठेवा. कनेरगाव नाक्यावर ढाब्यात थांबलो. दोन भाकरी, शेवभाजी, वर ठेचा, एकशे वीस रुपयांत पोट तुडुंब. ढाबेवाल्याला सहज विचारलं, "यंदा कपाशी कशी?"

"कोण लावून राहिलं आता कपाशी? आळी पार खाऊन टाकते. आमी हळदीवर आलो."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

औंढ्याला दर्शन घेतलं. देवळाच्या बाहेरचं कोरीवकाम बघायला तासभर हाताशी ठेवा. गाभारा खाली आहे, अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. माझे गुडघे ठणठणीत आहेत, तरी मी उगाच तिथं वेळ काढत होतो. पुढे जवळा बाजारला जायचं होतं आणि जायचं धैर्य होत नव्हतं.

आता मूळ भानगड सांगतो. बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची. ती बांधाच्या कडेनं पेरायची, हा नियम. तिथं अळी पडणार, पीक खाणार. मग कोण पेरतो? सगळे पुडी बांधावर भिरकावून द्यायचे. जवळा बाजारच्या कौसाबाईंनी एकट्यांनी पेरली, कारण पुडीवर तसं चित्र होतं. पुढे त्यांच्या शेतात, इतरांना आमचं पीक दाखवायला, कंपनीची शिवारफेरी ठरली. दहा शेतकरी जमले. मधली कपाशी हिरवीगार आणि कडेच्या चार ओळी अळीनं चाळण केलेल्या. कोणीतरी विचारलं, "साहेब, हे काय?" आणि मी म्हणालो, "कौसाबाईंनी अळ्यांना पंगत वाढलीय!"

सगळे खो-खो हसले. पुढच्या वर्षी बाईंनी पुडी चुलीत घातली.

त्या चार ओळींचं काम काय होतं, हे मी परीक्षेत पानभर लिहून पहिला आलो होतो. हजार अळ्यांत एखादी जात्याच चिवट असते. बीटी खाऊन बाकीच्या मरतात, ती उरते. उरलेल्या चिवट अळ्यांची आपसातच सोयरीक झाली, की सगळी पैदास चिवट. कडेला साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगल्या, तर चिवटांची सोयरीक त्यांच्याशी होते आणि तो गुण पसरायला वेळ लागतो. एवढंच सांगायचं होतं. पण मग "म्हणजे तुमचं बियाणं पुढं चालणार न्हाई व्हय?" असा प्रश्न आला असता, आणि त्या दिवशी मला पुढच्या हंगामाच्या बियाण्याचं बुकिंग घ्यायचं होतं.

कौसाबाई शेतातच सापडल्या, कापूस वेचत. केस पांढरे झालेत, हात तेवढेच चपळ. मला ओळखलं, घरी नेऊन चहा केला. आढ्याला ज्वारीची निवडक कणसं टांगलेली होती.

"बियाला?" मी विचारलं.

"व्हय. भरलेलं कणीस आदी बियाला, मंग खायाला."

नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताची सुरुवातही अशीच, माणसं करतात त्या निवडीपासून झाली. तो मांडणारा माणूस कबुतरं पाळणाऱ्यांपाशी जाऊन बसायचा, ते जोड्या कशा निवडतात ते विचारायचा, ऐकून घ्यायचा. मी निवड करणाऱ्या बाईपुढे उभा राहून विनोद केला होता. मला भयंकर लाज वाटली.

त्यांनी ओटीतलं एक बोंड काढून फोडलं. आत गुलाबी अळी, आणि कापूस पिवळट, गोळा झालेला. त्याला इकडे कवडी म्हणतात. मी धीर करून चार ओळींचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे मी बराबर केलं होतं?"

"अगदी बरोबर."

"मंग तुमी हसले काहून?" मी ते बोंड हातात घेऊन उलटसुलट पाहू लागलो. तेव्हा त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. तवा तुमाला बी ठावं नसंल."

आणि मी म्हणालो, "हो ना, तेव्हा कुठं माहीत होतं."

इतक्या लांब जाऊन मी हे केलं. निघताना त्यांनी किलोभर हळद पिशवीत बांधून दिली, मी ती घेतलीसुद्धा.

परतीचा रस्ता कसा होता, विचारू नका. मला आठवत नाही.

घरी आल्यावर तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी फोन लावला. "कौसाबाई, मी खोटं बोललो. मला तेव्हाही माहीत होतं. बियाणं विकायचं होतं म्हणून सांगितलं नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "हसले तवा धा माणसं होती, साहेब. अन् कबूल कराया मी एकलीच?"

फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. सगळं लिहून झालं, काही लपवलं नाही. तुम्ही वाचलंत. पण त्या दहांपैकी कोणीही हे वाचणार नाही, आणि लिहायला बसलो तेव्हाही मला ते माहीत होतं.