शेंदूर फासलेलं मैदान

नानाकाका वानखेडे आमच्याकडे जेवायला आले, की आधी अंगणातल्या गवतावर बूट घासत उभे राहायचे. बुटाला शेण लागलेलं असायचंच. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "अमेरिकेतलं असलं तरी शेणच हाय ना बाप्पा, वास तोच येनार!"

काका मूळचे अकोल्याकडचे, जनावरांचे डॉक्टर. टेक्सासमधल्या आमच्या या गावात त्यांचा उभा जन्म गेला. आम्ही आयटीवाले आलो तेव्हा गावात गुरांच्या रँचेस होत्या. बघता बघता सगळीकडे टाउनहाउसेस उभी राहिली आणि शेवटी उरलं फक्त जुन्या रँचवाल्या बेटीबाईंचं रोडिओचं मैदान. उधळलेल्या बैलाच्या नाहीतर घोड्याच्या पाठीवर तग धरायचा, असा तो खेळ. बैल बेटीबाईंचे, जागा मात्र नगरपालिकेची. त्या बैलांचं दुखणंखुपणं काका बघायचे. पोळ्याच्या दिवशी बेटीबाईंना सांगून खेळ बंद ठेवायचे आणि काकूंनी केलेली पुरणपोळी स्वतःच्या हाताने बैलांना भरवायचे. "वर्षभर याच्या पाठीवर नाचता, एक दिवस तरी हात जोडा ना त्याले!"

मैदानावर पहिली तक्रार कुणी केली असेल? आमच्याच महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी! घर घेतलं 'मस्टँग रँच' नावाच्या वस्तीत, फाटकावर हा मोठा लोखंडी घोडा, आणि तक्रार काय, तर घोड्यांचा वास येतो. अरे, मग काय मोगऱ्याचा यायला हवा होता? "काका, यार, रीसेल व्हॅल्यूचा प्रश्न आहे," असं एकाने समजावलं. काका म्हणाले, "तुले फाटकावर घोडा पायजे, फाटकामागं नाही पायजे."

मैदान जाणार अशी कुणकुण लागली आणि काका कामाला लागले. या शहराला 'रँच आणि रोडिओचा वारसा असलेलं शहर' म्हणून अधिकृत मान मिळवून द्यायचा, हा त्यांचा डाव. नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला जायचे, वेळ संपल्याची घंटी वाजेपर्यंत बोलायचे. मी म्हटलं, "काका, मानाने जागा वाचते का?" तर माझ्यावरच उखडले. "आपल्याकडं दगडाले शेंदूर फासला, का रस्ता बांधनारा बी वळसा घालते. एकदा वारसा म्हटलं, मंग कोनाची हिंमत हाय हात लावाची?"

मान मिळाला. सोहळ्याला महापौर कोरी करकरीत हॅट घालून आले. तक्रार करणारे आमचे मंडळकरही हॅटा घालून फोटोला पुढे. आणि त्याच संध्याकाळी, त्याच सभेत, सोहळ्याच्या आधी सभासदांनी हात वर करून मैदान बिल्डरला विकून टाकलं होतं! काकांनी उठून विचारलं, तेव्हा नगरपालिकेचे वकील गोड हसून म्हणाले, की मानपत्र फक्त गौरवासाठी असतं, त्याने जागेला संरक्षण मिळत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथल्या दगडाला शेंदूरही फासतात आणि तोच दगड उचलून विकतातही, हे त्या साध्या माणसाला कुठून कळणार?

बेटीबाईंचे बैल ट्रेलरमध्ये चढले त्या दिवशी काका एकेकाचे खूर तपासत होते. मी म्हटलं, "काका, आता तरी चिडा!" ते म्हणाले, "चिडून बैल उतरते काय खाली?"

चिडले ते नंतर, आणि आपल्या पद्धतीने. पुढच्या सभेत उभं राहून म्हणाले, हा मान परत घ्या. कारकून बाईंनी नम्रपणे सांगितलं, मान परत घेण्याची सोय नाही. काका पुढच्याही सभेला गेले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच मागणं आणि तेच गोड उत्तर. मैदानावर इमारतीचे खांब उभे राहिले तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. मुलगी फोनवर ओरडायची, "बाबा, प्लीज, लेट इट गो!" काका फोन काकूंकडे द्यायचे आणि बूट चढवायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच. नगरपालिकेने काय करावं? 'आपल्या रोडिओ वारशाचे थोर मित्र' म्हणून त्यांच्याच नावाने मानपत्र काढलं! काकू जाणारच नव्हत्या, पण म्हणाल्या, "त्यांची सभा होती, चल." आम्ही पहिल्या रांगेत बसलो. महापौर मंचावरून खाली आले, काकूंसमोर वाकले आणि फ्रेम पुढे केली.

काकूंनी पदराखालचे हात बाहेर काढले नाहीत. महापौरांकडे सरळ बघितलं आणि मान हलवली. नाही.

सभागृहाला वाटलं, बाई भारावून गेल्या. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले.