स्टाफरूममधली फ्रेंच

संघपाल सर आमच्या अमरावतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं फ्रेंच शिकवत होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे विद्यार्थी असतील तर तास, आणि तास असतील तर सर. मूळचे तेल्हाऱ्याचे. वडील डोमाजी कपाशीच्या शेतात मजुरीला जायचे. पोरगा फ्रेंच शिकतो म्हटल्यावर गावातले लोक विचारत, "थे शिकून बोलशील कोनाशी?" प्रश्न रास्त होता, पण सरांनी तो कधी मनावर घेतला नाही.

शिकवायची रीत त्यांची स्वतःची. फळ्यावर 'मान' लिहायचे, मग अपमान, सन्मान, बहुमान. "फ्रेंचचंही असंच हाय. मुळातला शब्द धरा, पुढं-मागं काय लागते थे पाहा." त्यानंतर संवादाचा सराव. सर कधी वेटर, कधी घरमालक, कधी स्टेशनमास्तर. शेजारच्या वर्गावर माझा तास असायचा; आधी मला ते ऐकून हसू यायचं. मग दरवर्षी मुलं कमी होत गेली, सरांचं बोलणंही कमी झालं, आणि माझं हसणं बंद झालं.

यंदा एकच मुलगी उरली, खुशी. एकीसाठी वर्गखोली कोण देणार? तास स्टाफरूममध्येच व्हायचा, माझ्या टेबलाशेजारी. ती गेली की विषय बंद आणि सर घरी. हे सगळ्यांना माहीत होतं, खुशीलाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस ती वहीत विषयबदलाचा अर्ज दडवून आली. त्याचा कोपरा बाहेर डोकावत होता. सरांना तो दिसला नसेल, असं मला वाटत नाही. त्यांनी त्या दिवशी संवाद दिला तो असा: सर दुकानदार, ती गिऱ्हाईक. माल घ्यायचा नाही, तर तसं तोंडावर सांगायचं.

खुशीने अर्जाचा कोपरा वहीत आत ढकलला. मग खाली बघत, अडखळत फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. सरांनी तिला थांबवलं, एक उच्चार सुधारला आणि पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी वाक्य सरळ आलं.

"आता बराबर," सर म्हणाले. हात पुढे करून त्यांनी अर्ज मागून घेतला आणि सही केली. चेहऱ्यावर काहीही नाही, हजेरी मांडतात तशी सही.

ती रडतच गेली. मला मात्र संताप आला. "सर, समजवाचं होतं तिले. सही काहून केली? काय म्हनली थे?"

"म्हनली, तुमचा माल चांगला हाय, पन उद्यापासून मी येनार नाही. एकटीले बसवत नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली.

"बावीस वर्षं पोरं माह्याशी पुस्तकातलं बोलले," पेनाला टोपण लावत ते म्हणाले. "फ्रेंचमधी कोनी मनातलं बोललं, थे आज पहिल्यांदा. तिले नाही कसं म्हनू?"