एक्स-रे नसलेला हात

रहाटणीत आमच्या घरापासून पोळी-भाजी केंद्र चालत सात मिनिटांवर आहे. मी तिथे पोळ्या लाटते. जितक्या पोळ्या तितका पैसा, आणि नाही गेलं तर काही नाही. त्या दिवशी मी घाईत नव्हते, हे आधीच सांगते, कारण नंतर ज्याने त्याने मला तेच विचारलं. केबल टाकायला फूटपाथ खोदला होता आणि वरचे ब्लॉक हाताला येतील तसे परत ठेवले होते. एक ब्लॉक चार बोटं वर होता. त्याला पाय अडकला आणि मी उजव्या हातावर पडले.

तिथेच बसणाऱ्या भाजीवालीने मला उठवलं.

"या ब्लॉकनं ह्या हप्त्यात तिसरी बाई पाडली," ती म्हणाली. "पण तुमी नीट पडलात. कालची माझ्या टोमॅटोवर पडली."

घरी येईपर्यंत मनगट दुधीएवढं झालं. सून म्हणाली, दवाखान्यात चला, एक्स-रे काढू. मी म्हटलं, चाकणच्या पुढे एक हाडवैद्य आहे, त्याच्याकडे जायचं. त्याने माझ्या नवऱ्याचा गुडघा बसवला, दिराचा खांदा बसवला, आमच्या म्हशीचा पायसुद्धा बसवला.

"म्हशीचा एक्स-रे काढला होता का?" सून म्हणाली. तिचं तोंड चांगलं चालतं. मुलाने रिक्षा आणली.

म्हाताऱ्या वैद्याने मनगट चाचपलं, माझ्या माहेरची चौकशी केली आणि मी उत्तर देत असताना एक हिसडा दिला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने अंड्यातला पांढरा बलक आणि कसलीशी पूड लावून बांबूच्या कांब्या बांधल्या. सहा आठवडे लाटणं धरायचं नाही म्हणाला. फी नाही, देवापुढे नारळ ठेवायचा. कागद नाही, चिठ्ठी नाही.

सहा आठवडे मी घरात बसून सुनेच्या पोळ्या खाल्ल्या. त्याबद्दल वेगळी भरपाई मागायला हवी होती.

कांब्या सुटल्यावर मी महापालिकेच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेले. मागणी एवढीच होती की सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी द्या. दुखलं त्याचं काही मागितलं नव्हतं. टेबलावरच्या साहेबाने अर्ज वाचला.

"आजी, एक्स-रे?"

"काढला नाही."

"मग हाड मोडलं होतं कशावरून?"

"मी ओरडले त्यावरून."

"डॉक्टरचा दाखला तरी?"

"हाडवैद्याने बसवलं."

"मग त्याचा दाखला आणा," असं म्हणून त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. मला घालवण्यासाठी म्हणाला असणार. पण वैद्याला लिहिता येत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात मी वैद्यालाच घेऊन गेले.

त्याने साहेबासमोर माझं मनगट धरलं आणि अंगठा टेकवला. "हितं मोडलं व्हतं. हितं बसवलं. आता काय न्हाई."

"बाबा, तुमचं रजिस्ट्रेशन आहे का कुठे?"

"समद्या गावात हाय."

साहेब हसला आणि हसताना मान धरून कळवळला. वैद्याने ते बघितलं. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही, पण मानेचा आवाज दारातल्या शिपायापर्यंत गेला. शिपाई खांदा घेऊन आला. मग पलीकडच्या टेबलावरच्या बाई कंबर घेऊन आल्या. अर्धा तास त्या खोलीत लोकांची कामं होत होती, असं मी पहिल्यांदा पाहिलं. आम्हाला चहाही मिळाला.

साहेब मान इकडेतिकडे वळवून बघत म्हणाला, "आजी, खरं सांगू का? इथून तुम्हाला पैसे मिळायला वर्षं जातील. पण ज्या ठेकेदाराने ते ब्लॉक बसवले त्याचं बिल माझ्या टेबलावर आहे. तुमच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत मी ते पुढे सरकवत नाही. तेवढा एक्स-रे मात्र आता काढा."

काढला. दवाखान्यातली डॉक्टरीण फोटो उजेडाला धरून म्हणाली, "मोडलं होतं, दोनेक महिन्यांपूर्वी. छान जुळलंय. कोणत्या हॉस्पिटलला केलं?" मी सांगितलं. तिने फोटो पुन्हा उजेडाला धरला आणि तारखेसकट लिहून दिलं.

चार दिवसांनी ठेकेदार घरी आला. साडी, नारळ आणि एक छापील कागद.

"मावशी, माझी आई तुमच्याच वयाची आहे."

"मग तिला त्या फूटपाथवरून चालव."

तो ओशाळला. पैसे देतो म्हणाला, फक्त इथे सही करा, तक्रार मिटली एवढंच लिहिलंय. त्याने पेनाचं टोपण काढूनसुद्धा दिलं. मी कागद वाचायला घेतला. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते, वेळ लागतो. त्याने दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की अर्जदार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडल्या.

"हे खोड."

"अहो मावशी, ते नुसतं लिहायची पद्धत असते."

"मग न लिहायची पद्धत काढ."

"ते खोडलं तर चूक माझी होते. साहेब बिलातून कापतील."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, पैसे घ्या की. कागद कोण वाचणार आहे?"

मी वाचला होता. आयुष्यभर वेळेवर गेले, एक पोळी करपवली नाही, आणि आता म्हातारपणी निष्काळजी म्हणून सही करू? मी पेनाला टोपण लावून त्याच्या हातात दिलं. पैसे गेले तर गेले, असं मनात म्हटलं.

तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. आत येऊन त्याने ती ओळ खोडली, बाजूला आपली सही केली, मग मी माझी केली.

सहा आठवड्यांचे मागितले होते, पाच आठवड्यांचे मिळाले. एक आठवडा त्या खोडलेल्या ओळीचा गेला. साडी मात्र मी ठेवून घेतली.