निळ्या ठिपक्याची कॅसेट

कोणत्या बिअरसोबत कोणतं गाणं ऐकावं, हे सांगायला हल्ली मोठ्या हॉटेलांत म्हणे जाणकार माणसं बोलावतात. बोलवू देत बापडे. नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळच्या एका परमिट रूममध्ये मल्हारी पगारे हेच काम शहाण्णव सालापासून करत होता, आणि तेही बिअरचा एक थेंब जिभेला न लावता.

खरं तर तो तिथे वेटर होता. पण टेपरेकॉर्डर काउंटरच्या कडेला असायचा आणि मालक किशोरशेठ यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे कॅसेट बदलायचं काम मल्हारीच्या गळ्यात पडलं. ट्रे हातात घेऊन उभा असताना तो गिऱ्हाइकांकडे बघत राहायचा, आणि बघता बघता त्याला काही गोष्टी उमगत गेल्या. स्ट्राँग बिअरवर विरहाचं गाणं लावलं, की माणूस दुसऱ्या ग्लासाला रडतो आणि तिसऱ्याला भांडतो. त्यापेक्षा ढोलकी बरी. हात टेबलावर ताल धरण्यात गुंतले, की ग्लास जागच्या जागी राहतो. माइल्ड बिअरला गझल चालते, कारण दोन्हींना सवड लागते. आणि जो एकटाच कोपऱ्यात येऊन बसतो, त्याला गाणं अजिबात मानवत नाही. अशा माणसासाठी मल्हारीने रद्दीवाल्याकडून रहस्यकथा आणून ठेवल्या होत्या. खून कोणी केला हे कळेपर्यंत बाटली कोमट होते, आणि कोमट बिअर प्यायलेला माणूस दुसरी मागवायच्या भानगडीत पडत नाही.

त्याचा एक नियमही होता. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक बाटली. बाजू संपून कॅसेट उलटल्याशिवाय तो पुढची ऑर्डर घ्यायलाच जायचा नाही. कोणी बोटं वाजवली तर छताच्या पंख्याकडे बघत उभा राहायचा.

"मल्हारी, तू माझा वेटर आहेस का दारूबंदीवाला?" किशोरशेठ वैतागून विचारायचे. पण माणसं जास्त वेळ बसत, भुर्जी आणि मसाला पापड जास्त खपत, बाटल्या डोक्यात फुटत नसत. त्यामुळे शेठ कुरकुरत का होईना, गप्प बसायचे. एकच गोष्ट त्यांनी बंद केली. मल्हारी टेबलाटेबलावर वाकून लोकांना हळू प्या, खाऊन घ्या असं सांगायचा. वेटरने गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायची नाही, असं शेठनी बजावलं. मल्हारी दुपारी बारमध्ये तुरळक गिऱ्हाईक असताना माइक लावून बसला आणि गाण्यांच्या मधेमधे जे काही सांगायचं ते त्याने स्वतःच्या आवाजात कॅसेटमध्ये भरून टाकलं. त्याच्यापुढे शेठनी हात टेकले.

हे सगळं ठीक चाललं होतं, फक्त त्याच्या आईला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

मल्हारीचे वडील चांदवडच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचे. लिलाव उरकला की गुत्त्यापुढे उभ्या उभ्या घटाघटा प्यायचे. एका लिलावाच्या दिवशी ते घरी आले नाहीत, हायवेच्या कडेला मरून पडलेले सापडले. भागीबाईने पोराला विहारात नेऊन बुद्धमूर्तीपुढे शब्द घेतला, की दारूला शिवणार नाहीस. पोरगं मोठं होऊन नाशिक रोडला संसार थाटून बसलं, तिला इकडे घेऊन आलं, तरी ती दर थोड्या दिवसांनी ऐकवायचीच, "दारूच्या पैशाची भाकर या घरात आली, तर मी त्याच दिवशी चांदवडला भावाकडं निघून जाईन. पुन्हा तोंड बघणार नाय." आणि भागीबाई जे बोलायची ते करायची. सायकलच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर मल्हारीला बारशिवाय कुठे काम मिळेना, तेव्हा त्याने तिला सांगितलं की द्वारकेला टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात लागलोय. बायको लता तेवढी खरं जाणून होती. त्याचा शर्ट ती सासू उठायच्या आत धुऊन टाकायची, आणि नवऱ्याला म्हणायची, "एक दिवस तुम्ही मला पण खोटं बोलायला लावणार." खोटं तर ती रोजच धूत होती.

दुरुस्तीच्या दुकानात आहे म्हटल्यावर कॉलनीतल्या विहाराच्या लाउडस्पीकरचं काम आपोआप मल्हारीकडे आलं. दोन हजार तीनच्या बुद्धपौर्णिमेला सकाळी लवकर जाऊन तो विहाराच्या गच्चीवर चढला आणि कॉलनीकडे तोंड करून भोंगा बांधायला लागला. खाली कोऱ्या नोटेसारखे टापटीप रावजीभाऊ टेपजवळ बसले होते. ते नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, विहाराचे अध्यक्ष. मल्हारीने त्यांना वरूनच सांगितलं, "भाऊ, पिशवीत निळ्या ठिपक्याची कॅसेट आहे बघा. ती लावा."

विहाराच्या कॅसेटला निळा ठिपका त्याने दिला होता, कारण भीमगीतांना दुसरा कोणता रंग देणार? पण बारमध्ये स्ट्राँगच्या कॅसेटला लाल ठिपका दिल्यावर माइल्डला, थंड म्हणून, त्याने निळाच दिला होता. सगळ्या कॅसेट एकाच पाकिटातल्या, निळे ठिपके एकाच पेनचे, आणि पिशवीही एकच. आपण केवढा घोळ करून ठेवलाय हे त्याला भोंग्यातून स्वतःचा आवाज आला तेव्हा कळलं.

"मंडळी, नमस्कार. पहिली बाटली निम्मी झाली असेल. घाई करू नका, बिअर कुठे पळून जात नाही. शेंगदाणे खा, पाणी प्या. आता एक संथ गाणं लावतो, त्याच्या चालीने घोट घ्या."

मल्हारी शिडीकडे धावला. शिडी नव्हती. पताका लावणाऱ्यांनी ती पलीकडच्या खांबाला नेली होती. तो कठड्यावरून ओणवून हातवारे करायला लागला, पण भोंग्यापुढे त्याचं कोण ऐकणार?

"व्यसनमुक्तीचं भाषण आहे वाटतं," खाली रावजीभाऊ बायकांना म्हणाले. "पण शेंगदाणे कशाला खायला सांगतोय?"

तेवढ्यात कॅसेटमध्ये ग्लास वाजले आणि मागून किशोरशेठचा खणखणीत आवाज आला, "मल्हारी, सात नंबरला दोन थंड दे."

विहाराच्या अंगणातल्या सगळ्यांनी आधी वर मल्हारीकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या भागीबाईकडे. मल्हारी गच्चीवर खालीच बसला. संध्याकाळपर्यंत आई चांदवडच्या गाडीत बसलेली असणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. रावजीभाऊंनी टेप बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या, भाऊ," भागीबाई म्हणाली. "समदं ऐकू द्या मला."

गाणं संपलं आणि मल्हारीचा आवाज पुन्हा सुरू झाला. "दुसरी मागवायच्या आधी एक सांगतो. माझे वडील बाजारात उभ्याने प्यायचे. त्यांना कोणी बसायला खुर्ची दिली नाही. खाल्लं का, घरी कोण वाट बघतंय, असं कोणी विचारलं नाही. मी स्वतः घेत नाही, आईला शब्द दिलाय. तुम्ही घ्या, पण बेताने घ्या. घरी कोणीतरी भाकरी झाकून ठेवली असेल. उशीर करू नका."

बाजू संपली. भागीबाई उठली आणि घराकडे चालू लागली. शिडी येईपर्यंत मल्हारीचा जीव टांगणीला लागला होता. तो खाली उतरला तेव्हा रावजीभाऊ काहीतरी म्हणाले, पण तो न थांबता घरी पळाला.

त्याला वाटलं होतं, दारात गाठोडं बांधून ठेवलेलं असेल. तसं काही नव्हतं. भागीबाई चुलीपुढे बसली होती, आणि लता दाराआड उभी होती.

"सात वर्षं खोटं बोललास," भागीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "त्याचा राग लय दिवस राहील मला. आधीच सांगून ठेवते."

"हो, आई."

"तू घेत नाहीस, हे तरी खरं का?"

"खरं आहे. आजपर्यंत चवसुद्धा माहीत नाही."

"ते आवाजावरनं कळलं मला." तिने तव्यावरची भाकर उलटली. "बाजाराच्या दिवशी मी रात्रभर दारात बसायची. त्या गुत्त्यावर एक जरी माणूस असा असता ना, तर ते घरी आले असते रे."

मल्हारी तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा हमसाहमशी रडला. इतक्या वर्षांचं ओझं असं एका सकाळी, भर कॉलनीत, भोंग्यावरून उतरेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं, की आपण का रडतोय हेही त्याला धड सांगता येईना. दाराआडून लताही डोळे पुसत बाहेर आली, आणि आता तुमचे शर्ट तुम्हीच धुवा म्हणाली.

भागीबाईने परातीत अजून पीठ घेतलं.

"आई, पुरे की. आपण तिघंच आहोत."

"आपल्यासाठी नाय," ती म्हणाली. "तुझ्या त्या जागी कोपऱ्यात एकटं बसणारं कोणी असंलच. त्याच्या घरी भाकर झाकून ठेवणारं कोणी नसलं, तर ही त्याला वाढ."