दहा घोट

आमच्या हिला मी सांगितलं होतं, सोबत यायची गरज नाही, मला तमिळ येतं. अंबत्तूरच्या कारखान्यात आठ वर्षं काढलीत मी. कामगारांशी वाद घालण्यापुरतं आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरतं तमिळ मला येतं, आणि आमच्यासारख्या उपऱ्याला तेवढ्यावर पंडित झाल्यासारखं वाटतं. तपासणीच्या खोलीतल्या तंत्रज्ञाने इंग्रजीत सुरुवात केली तेव्हा मीच ऐटीत म्हटलं, तमिळमध्ये बोला.

दुखणं जुनं होतं. आडवं झालं की पोटातलं आम्ल घशाशी यायचं. गोळ्यांचा उपयोग संपला होता. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून तिथलं दार आवळायचं, असं सर्जनने ठरवलं होतं. पण घास खाली ढकलायची ताकद नळीतच नसेल, तर तो त्या आवळलेल्या दाराशी अडकून बसणार. म्हणून आधी ताकद मोजायची. नळी अगदीच निकामी निघाली तर मी हात लावणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग काय, जन्मभर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचं.

चार्जरच्या वायरएवढी तार नाकातून आत गेली तेव्हा तोंडून ‘आई गं’ निघालं. मला आडवं केलं. तंत्रज्ञाने पिचकारीने तोंडात पाण्याचा घोट सोडला आणि म्हणाला, “मुळुंगुंग.” गिळा. मी गिळलं. लगेच तो आणखी काही म्हणाला. त्यातही मला ‘मुळुंग’ ऐकू आलं, म्हणून मी कोरडा आवंढा गिळला. तो पुन्हा तेच म्हणाला. मी पुन्हा गिळलं.

नळीतला जोर रंगांत दाखवणारा पडदा माझ्या डाव्या हाताला होता. गिळलं की त्याच्या वरच्या टोकाला रंगाचा एक पट्टा उमटायचा, थोडा खाली उतरायचा आणि छातीच्या मध्यावर विरून जायचा. त्याच्याखाली नुसता निळा रंग. दुसऱ्या घोटाला तेच, तिसऱ्याला तेच. माझ्या छातीत माणूस राहत नाही असं वाटायला लागलं. तंत्रज्ञाचा आवाज हळूहळू मऊ होत गेला, आणि त्याने मी जास्तच घाबरलो. दवाखान्यात आपल्याशी कुणी मऊ बोलायला लागलं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

तेवढ्यात माझ्या डोक्यामागून एक बाई म्हणाली, “गिळूं नका. उगे राहा.”

त्या खोलीत मराठी असायचं काही कारण नव्हतं. आणि ‘उगे राहा’ कोण म्हणतं आता? असलं मराठी मी फक्त जुन्या पोथ्यांत वाचलेलं. हेल तमिळ होता, शब्द कुठल्यातरी मागच्या शतकातले. नाकात तार, मान वळवता येईना. मला खरंच वाटलं, मी गेलोय आणि मला न्यायला पूर्वजांपैकी कुणीतरी आलंय.

ती तिथली वयस्क सिस्टर निघाली, तंजावरकडची, शेकडो वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी घरातली. माझं ‘आई गं’ तिने ऐकलं होतं. तंत्रज्ञ इतका वेळ ‘मुळुंगादींग’ म्हणत होता, म्हणजे गिळू नका, हे तिनेच मला सांगितलं. नकार म्हणजे ‘वेंडाम’, एवढंच मला ठाऊक. तमिळमध्ये तो क्रियापदाच्या पोटातही दडून बसतो, हे माझ्या पांडित्यात नव्हतं. आणि एका घोटापाठोपाठ लगेच दुसरा गिळला की पहिली लाट वाटेतच थांबते. म्हणजे माझी लाट मीच मारत होतो. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

तपासणीला लागणारे दहा घोट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ती म्हणायची, “गिळा,” मग “उगे राहा.” पहिल्याच घोटाला पट्टा वरून निघाला आणि तिरका होत थेट खालपर्यंत गेला. माझं गिळून केव्हाच झालं होतं. मी दगडासारखा पडून होतो, आणि तिकडे पडद्यावर कुणीतरी शांतपणे गिळतच होतं. ते बघताना आनंद व्हायला हवा होता. मला भीतीच वाटली. इतकी वर्षं आत हा कोण आहे, आणि माझ्याकडे न बघता हा काय काय करतो?

मग सहाव्या घोटाला तो आला नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, चूक शोधूनही सापडेना. सातव्यालाही नाही. नवव्याला अर्ध्यावर आला आणि गेला.

सर्जनने अहवाल बराच वेळ पाहिला. नळी दुबळी आहे, मेलेली नाही, म्हणाले. पूर्ण वेढा न घालता अर्धवट घालू. घास अडकणारच नाही असं वचन मात्र देता येणार नाही. मी सही केली.

ऑपरेशननंतर आम्ल थांबलं. मी पुन्हा आडवा झोपायला लागलो. काही आठवडे पातळ पेज, मग रसमात कुस्करलेली इडली. ती आपसूक उतरायची, त्यात कुणाची परीक्षा नव्हती. मग एका रविवारी दुपारी हिने पोळी केली आणि समोर येऊन बसली. मी तुकडा बारीक चावला, गिळला, आणि तो छातीच्या हाडामागे थांबला.

वरून पाणी ओतायचं नाही, असं बजावलं होतं. मी उभा राहिलो. ही माझ्या गळ्याकडे बघत होती. मी पुन्हा गिळू शकत नव्हतो, ढकलू शकत नव्हतो, सांगून तर काहीच होणार नव्हतं. आत जो कोणी होता त्याच्या मनात आलं तरच. तो आज आहे की नाही, तेही मला माहीत नव्हतं. वर पंखा फिरत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग आत काहीतरी हललं, माझ्याशिवाय, आणि घास खाली गेला.

“गेला?” हिने विचारलं.

मी मान हलवली. पोळी अजून पाऊण शिल्लक होती, आणि मला दुसरा तुकडा तोडायचा धीर होईना.